मातेची तपासणी आणि बालकाचे रक्षण

अंथुर्ण्याकडे काय किंवा बारामती-इंदापूरच्या कोणत्याही गावी काय, पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. रीत चांगली आहे. परंतु तिचे नाव सासरी नोंदलेले, रक्त तेथेच तपासलेले, आणि कार्ड पुष्कळदा तेथेच राहिलेले असते. ऊसतोडीला आलेल्या बायांचे तर सासर आणि माहेर दोन्ही दूर. श्रोतेहो, एचआयव्हीपासून बालकाला वाचविण्याच्या कामात औषधापेक्षा हीच अडचण मोठी आहे.

हा विषाणू मातेकडून मुलाकडे गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून जातो. काहीच उपाय न केल्यास शंभरांतील १५ ते ४५ बालकांस लागण होते. वेळेवर उपचार केल्यास पाचांहूनही कमी. मात्र उपचार करावयाचा कोणावर, हे तपासणीवाचून कळत नाही.

१९९९ साली युगांडातील प्रयोगाने दाखविले की, कळा सुरू होताच मातेला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि तीन दिवसांच्या आत बालकाला एक मात्रा दिल्यास धोका पुष्कळ घटतो. मग सेवाग्रामच्या रुग्णालयात प्रसूतिगृहातच अहोरात्र तपासणी ठेवून पाहण्यात आली. हिरड्यांवरून पट्टी फिरवावयाची, थोड्याच वेळात निकाल. दोष दिसल्यास रक्ताने खात्री. कळा देत आलेल्या कित्येक स्त्रियांजवळ आधीच्या तपासणीचा कागदच नव्हता! २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एका गोळीचा तो काळ आता सरला. २०१४ पासून आपल्याकडे लागण असलेल्या प्रत्येक गर्भवतीला कायमचे उपचार सुरू करतात. औषधाने रक्तातील विषाणू दबतो, म्हणून अंगावर पाजणे बंद करावे लागत नाही. मात्र पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध. मध नाही, बाळगुटी नाही. (आजीबाईंनी रागावू नये.)

बालकाच्या तपासणीत एक गोम आहे. नेहमीची चाचणी विषाणू शोधीत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती आईकडून बाळात आलेली असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे निरोगी बाळही बाधित दिसते. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवितात व तेथे प्रत्यक्ष विषाणूच शोधतात. शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यानंतर मिळतो.

घरात प्रथम तपासली जाते ती गर्भवती, आणि दोषही तिच्याच माथी येतो. पतीची तपासणी त्याच वेळी झाली पाहिजे. ती निर्दोष आणि तो बाधित असेल, तर पुढे गरोदरपणात वा पाजत्या काळात तिला लागण होण्याची भीती राहते. आणि नव्या लागणीत विषाणूचे प्रमाण फार मोठे असते. संमतीवाचून तपासणी करणे वा निकाल फोडणे २०१७ च्या कायद्याने मना आहे.

तेव्हा माहेरी निघताना कार्ड पिशवीत असावे, गोळ्या पुरेशा असाव्यात, आणि बाळंतपण कोठे होणार ते उपचार केंद्रात आधी सांगावे. विचारावयाचे असल्यास १०९७ हा दूरध्वनी विनामूल्य आहे.