दूध निवविण्याचे साधे गणित

सायंकाळी काढलेले दूध सकाळी संकलन केंद्रावर पोहोचेपर्यंत नासले, तर वैरण, पेंड आणि घरच्या माणसांचे कष्ट ही सारीच वाया जातात. कासेतून निघालेले दूध सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते व या तपमानात दूध आंबविणारे जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून धार काढून दूध गाळताच ते निववावे.

त्यास पाणी किती लागेल, हे हिशेबाने काढता येते. एक किलो पदार्थाचे तपमान एक अंशाने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, ती त्या पदार्थाची विशिष्ट उष्णता होय. पाण्याची विशिष्ट उष्णता १ किलोकॅलरी, तर दुधाची सुमारे ०.९३ आहे. वजन, विशिष्ट उष्णता आणि तपमानातील फरक यांचा गुणाकार केला की उष्णतेचे मान मिळते. दूध जेवढी उष्णता गमावते, तेवढीच पाणी घेते.

समजा, दूध १० किलो आहे व विहिरीचे पाणी २५ अंश आहे. दुधाची किटली ३० किलो पाण्यात ठेवली, तर दोहोंचे तपमान सुमारे २७.८ अंशांवर स्थिरावते. केवळ १० किलो पाणी घेतल्यास दूध ३०.८ अंशांपर्यंतच उतरते. परंतु ते पाणी काढून पुन्हा १० किलो ताजे पाणी घातले, की दूध २७.८ अंशांवर येते. म्हणजे ३० किलोंचे काम २० किलोंत झाले! तिसऱ्यांदा पाणी बदलल्यास तपमान २६.३ अंश होते. पाणीटंचाईच्या दिवसांत ही बचत लहान नव्हे. काढलेले पाणी परसातील भाजीपाल्यास घालावे.

भांडे व भोवतालची हवा यांची उष्णता या हिशेबात धरलेली नाही. म्हणून प्रत्यक्षात थोडा फरक पडेल. किटली सावलीत ठेवावी, बाहेरील पाणी आतील दुधाच्या पातळीइतके असावे आणि दूध स्वच्छ पळीने अधूनमधून ढवळावे.

विहिरीच्या पाण्याने दूध त्या पाण्याहून थंड होणार नाही. दूध अधिक काळ टिकविण्यास ते ४ ते ५ अंशांपर्यंत उतरवावे लागते. एक किलो बर्फ नुसते वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. त्यामुळे १० किलो दूध २८ अंशांवरून ५ अंशांवर आणण्यास किमान अडीच किलो बर्फ हवा. तो किटलीभोवती ठेवावा. दुधात कदापि घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तपमापक घेऊन हा प्रयोग गोठ्यातच करून दाखवावा.