घरी उर्दू, शाळेत मराठी आणि स्वमग्न मूल

हाक मारली तर वळून पाहत नाही. एकच शब्द दिवसभर घोळवतो. पंखा सुरू झाला की कान झाकतो. अशा मुलाला कुणी हट्टी म्हणतं, कुणी नजर लागली म्हणतं आणि तिसरी-चौथीतच त्याचं दप्तर खुंटीवर जातं. ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असू शकतो. तो लाडामुळे, आईच्या चुकीमुळे किंवा लसीमुळे होत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते.

देवगाव रंगारीसारख्या गावात विशेष शाळा सहसा हाकेच्या अंतरावर नसते. मग साध्या वर्गात काय करता येईल?

आधी दिवसाचा क्रम दाखवावा. प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर अशी चित्रं पुठ्ठ्यावर एकाखाली एक लावावीत. तास संपला की मुलाने ते चित्र उलटं करावं. पुढे काय होणार हे कळलं की धास्ती कमी होते. सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘वही काढ’ म्हणावं आणि मनात दहापर्यंत मोजावं, कारण ऐकलेलं उमजायला त्याला वेळ लागतो. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा आग्रह नको. घंटा होण्याआधी खूण करावी. गोंगाट असह्य झाला तर बसायला वर्गातच शांत कोपरा असावा, पण तो शिक्षेचा नव्हे.

‘दोन भाषांमुळे मूल गोंधळलं, घरी उर्दू बंद करा,’ असा सल्ला आपल्या पालकांना अनेकदा मिळतो. तो ऐकू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट घरची भाषा तोडली तर दादी-नानीशी जोडलेला धागा तुटतो. शब्द दोन असले तरी चित्र एकच ठेवावं. पाण्याचं जे चित्र शाळेत, तेच मक्तबमध्ये आणि तेच घरी.

रमजानमध्ये जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बदलतात. ते चित्रांनी काही दिवस आधीच सांगावं. ईदचे नवे कपडे एकदा धुऊन मऊ करावेत. गळाभेटीची सक्ती नको.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठीही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तपासणीची सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोग विभागातून करता येते. ‘याला घरीच ठेवा’ असं कुणी म्हणालं तरी शाळेतून नाव काढू नका.

पालक सभेला अम्मीसोबत अब्बांनीही यावं. शिक्षकांना तीन गोष्टी सांगाव्यात: मूल कशाने घाबरतं, कशाने शांत होतं आणि त्याला काय आवडतं. वर्गातली तयारी तिथूनच सुरू होते.