विणकरांचे दुकान

इंग्लंडच्या उत्तर भागात, पेनाइन डोंगराच्या पायथ्याशी, रॉच नदीच्या काठी रॉचडेल हे शहर वसले आहे. तेथे पाऊस भरपूर आणि डोंगरउतारांवर मेंढ्यांचे कळप पुष्कळ. त्यामुळे लोकरीचे कापड विणण्याचा धंदा या गावी फार जुन्या काळापासून चालत असे. विणकर घरातच हातमाग चालवी. बायकामुले सूत काढीत.

पुढे यंत्रे निघाली आणि हे चित्र पालटले. प्रथम पाण्याच्या व नंतर वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. लोकरीबरोबर तेथे कापूसही कातला जाऊ लागला. धुरांड्यांच्या धुराने आकाश काळवंडले. अशा गिरणगावांत पहाटेपूर्वी एक माणूस लांब काठीने खिडक्यांवर टकटक करीत लोकांना जागे करी. मग लाकडी तळव्यांचे जोडे खडखडवीत स्त्रीपुरुष आणि मुलेही गिरणीची वाट धरीत.

एवढे कष्ट करूनही पोटभर अन्न मिळेना. यंत्रापुढे हातमागाची मजुरी घटत गेली. कित्येक दुकानदार पिठात भेसळ करीत आणि वजनात मारीत. गिऱ्हाईक मात्र उधारीने बांधलेले. ते दुसरीकडे जाणार कसे? मजुरी वाढवून घेण्याचा प्रयत्नही फसला.

तेव्हा काही कामकऱ्यांनी स्वतःचेच दुकान काढण्याचे ठरवले. त्यांत बरेच विणकर होते. दर आठवड्यास दोन-तीन पेन्स बाजूला टाकून त्यांनी २८ पौंड भांडवल उभे केले. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल तो किती? थोडे पीठ, साखर, लोणी, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. गल्लीतील पोरांनी ‘विणकरांचे दुकान’ म्हणून टर उडवली!

परंतु नियम पक्के होते. माल शुद्ध, माप पुरे आणि व्यवहार रोखीचा. भांडवल कमी असो वा जास्त, प्रत्येक सभासदाला मत एकच. स्त्रियांनाही सभासद होता येई. नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला जाई आणि त्यातील शेकडा अडीच भाग पुढे शिक्षणासाठी व ग्रंथालयासाठी राखला जाऊ लागला. १८४५ अखेर ७४ सभासद होते. १८८० मध्ये ते दहा हजारांवर गेले.

मधल्या काळात कठीण दिवसही आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येईना. लँकेशायरच्या अनेक गिरण्या थंडावल्या आणि हजारो हात रिकामे झाले. त्या वेळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. ते संकट सोसूनही हे दुकान टिकले.

विसाव्या शतकात रॉचडेलच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या. टोड लेनमधील त्या दुकानाचे आता संग्रहालय झाले आहे. त्याचे नियम मात्र जगभर पसरले. आपल्या सहकारी संस्थांतही ‘एका सभासदाला एक मत’ हेच तत्त्व चालते. एकेकट्याला जे साधले नाही, ते अठ्ठावीस गरिबांनी पेन्स-पेन्स जोडून साधले.