चाकांवरचं घर घेताना आधी जोतं बघा

लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की पुरुषमंडळी विचारतात, "किती किलोमीटर आहे?" आणि आपण बायका विचारतो, "वाटेत सोय कुठे आहे?" आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, की लघवी तुंबवू नका, भरपूर पाणी प्या. तरी सहलीच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बायका प्रत्येक बसमध्ये असतातच. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तो गुपचूप अंगावर काढला जातो. म्हणूनच झोपायला, रांधायला आणि संडासाला जागा असलेली गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, हा नुसता श्रीमंती थाट आहे असं मला वाटत नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. गुडघे कुरकुरतात आणि बायपासनंतर भावजींचं जेवण पथ्याचं. निवृत्तीच्या पैशांतला एक हिस्सा बाजूला काढून दोघांपुरती छोटी कॅरॅव्हॅन घ्यायची, हे त्यांनी ठरवलं तेव्हा घरात कुरबूर झालीच. मुलगा म्हणाला, "एवढ्यात गावात प्लॉट येईल." जाऊबाई म्हणाल्या, "प्लॉटवर बसून मला कन्याकुमारी दिसणार आहे का?" मंडळाच्या रुग्णवाहिकेची बॉडी बांधून घेताना मी फिटर लोकांशी बरीच डोकेफोड केली होती. त्यामुळे गाड्या बघायला त्यांनी मला बरोबर घेतलं.

पहिल्याच कारखान्यात आमचे डोळे दिपले. रंगीत दिवे, मोठा टीव्ही, मऊ सोफा! मी विचारलं, "गाडीचं तयार वजन किती? आणि भरून किती चालतं?" उत्तर आलं, "मॅडम, वजनाचं टेन्शन घेऊ नका." आम्ही चहा घेतला आणि निघालो. अहो, घर घेताना आपण पडदे आधी बघतो का? आधी जोतं बघतो. कॅरॅव्हॅनचं जोतं म्हणजे तिची चासी.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कॅरॅव्हॅन फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. ही गाडी १९८७ पासून रस्त्यावर आहे. त्यामुळे आडगावातला मेकॅनिकही तिला ओळखतो आणि सुटे भाग मिळतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. ट्रॅव्हलरमध्ये तो ३३५०, ३७००, ४०२० मिलिमीटर असा वेगवेगळा मिळतो. दोघांसाठी आखूड गाडीच बरी. घाटातलं वळण आणि कोकणातली गल्ली तिला मानवते. मात्र गाडी आखूड म्हणून मागे बॉडी लांबवून घेऊ नका. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळली, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगवरचा ताबा सुटू शकतो.

दुसरा पर्याय टाटा विंगरचा. तिच्यात सांगाडा आणि बॉडी एकजीव असते आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. खालून मागच्या चाकांपर्यंत दांडा जात नाही, म्हणून तळ खाली ठेवता येतो. नऊवारी नेसणाऱ्या आणि गुडघे धरून चढणाऱ्या बाईला याचं मोल विचारा! पण मागे भार फार झाला, तर ओल्या चढावर पुढची चाकं घसरू शकतात. शिवाय एकजीव बॉडीला खिडक्यांसाठी मनमानी भोकं पाडली, तर सांगाडाच कमजोर होतो. तिसरा प्रकार पिकअपवर खोली बसवण्याचा. तिथे शिडीसारखी चासी आणि मागे पाटे असतात. खराब रस्त्यावर ती दणकट, पण चढायला उंच. जाऊबाईंनी एकदा पाय टाकून बघितला आणि मान हलवली.

आता हिशेब वजनाचा. हा आपल्याला पुरुषांपेक्षा चांगला जमतो, कारण महिन्याचा किराणा आपणच भरतो. समजा, गाडीची भरलेल्या वजनाची मर्यादा ३५०० किलो आहे आणि फर्निचरसकट तयार गाडी ३०५० किलोची झाली. उरले ४५०. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. दोन माणसं १३०, कपडे, अंथरूण, भांडी ८०, शिधा ४०, शेगडी आणि सिलिंडर ३०. झाले ३८०. त्यात दोन नातवंडं आणि त्यांच्या सायकली चढल्या, की संपलंच! मर्यादेबाहेर गेलेल्या गाडीचे टायर तापतात आणि उतारावर ब्रेक कमी पडतात. म्हणून कबुलीजबाबावर विसंबू नका. साखर कारखान्याजवळचा किंवा बाजार समितीचा भुईकाटा आहेच. आधी नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची आणि शेवटी अख्खी गाडी तोलून घ्या. पावती जपून ठेवा. ओटा, फ्रिज आणि बॅटरी एकाच बाजूला आल्या असतील, तर गाडी कलती चालते. तेही बघा.

स्वयंपाकाचं सांगते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १२०० वॉट-तास वीज देते. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे १५०० वॉटची इंडक्शन शेगडी अर्धा तासही चालणार नाही. लिथियमची बॅटरी हलकी असते आणि जास्त वीज देते, पण महाग. रात्रभर एसी हवा असेल, तर बाहेरून वीजजोडणी मिळेल अशा जागीच मुक्काम करावा. सरळ गॅस बरा. फक्त लक्षात ठेवा, स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी खाली, जमिनीलगत, बाहेर उघडणारी जाळी हवीच. सिलिंडर पट्ट्याने बांधलेला हवा आणि गाडी चालू असताना बंद.

आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो संडास. छोट्या गाडीत बहुधा कॅसेट संडास असतो. खालची टाकी साधारण वीस लिटरची. दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती बाहेरून ओढून काढता येते का, हे स्वतः हाताने करून बघा. भरलेली टाकी वीस किलोंच्या वर जाते. ती कोण उचलणार, हे घरी बसूनच ठरवा! ती नाल्यात, नदीत, कुणाच्या शेतात ओतायची नाही. संडासाच्या भांड्यातच रिकामी करायची.

कायद्याची बाजूही हलकी समजू नका. जुनी तेरा सीटर घेऊन गावच्या सुताराकडून पलंग बसवले, की झाली कॅरॅव्हॅन, असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मनाने करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून मंजुरी मिळालेला आराखडा कारखानदाराकडे आहे का, ते विचारा आणि कागद बघा. आरसीवर 'मोटार कॅरॅव्हॅन' अशी नोंद झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. अपघात झाला, तर विमा कंपनी आधी हेच तपासते. गाडी चालू असताना पलंगावर कुणी झोपायचं नाही. बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचं.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. भाड्याने कॅरॅव्हॅन मिळतात. म्हणून माझं ऐकाल, तर विकत घेण्याआधी तीन दिवस भाड्याने नेऊन बघा. जाऊबाईंनी तेच केलं. त्या तीन दिवसांत सोफा कुणाला आठवला नाही. पायरीची उंची, संडासाच्या दाराची रुंदी आणि आत धरायला दांडा नाही, एवढ्या तीनच गोष्टींवर दोघांचं बोलणं चाललं होतं. त्याच तीन गोष्टी त्यांनी कागदावर लिहून नव्या गाडीसाठी दिल्या. टीव्ही काढून टाकला. वजनही वाचलं आणि पैसेही.

गाडी आली आणि आरसीवर नाव जाऊबाईंचं लागलं. पैसे त्यांचे होते, हट्ट त्यांचा होता, मग नाव दुसऱ्याचं का असावं? ज्यांना विकत घेणं परवडणार नाही, त्यांनी चार-पाच मैत्रिणींत भाडं वाटून एखादी फेरी करून बघावी. मात्र चावी हातात घेण्यापूर्वी वाकून गाडीखाली नजर टाका आणि वजन विचारा. समोरचा हसला तर हसू दे.