कानावरून कागदावर: आपल्या मुलांचे इंग्रजी लेखन

भोपाळमधील आपल्या घरांत मूल तीन भाषांत वाढते: घरी मराठी, बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. पुष्कळ मुलांना इंग्रजी समजते, बोलताही येते. दहा ओळी लिहायला बसले की मात्र अडते. मग ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळतो आणि मराठीवर पाणी सोडले जाते. त्याची गरज नाही.

कॅनडात १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. अशा वर्गांतील मुलांची समज उत्तम झाली. बोलण्या-लिहिण्यात मात्र व्याकरणाच्या चुका राहिल्या. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की, ऐकणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. अर्थ नेमका पोचेल अशी वाक्ये स्वतः घडवावी लागतात.

हे दोन्ही जोडणारी एक रीत रूथ वाज्नरिब यांच्या १९९० च्या ‘ग्रामर डिक्टेशन’ या पुस्तकात आहे. चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसते ऐकायचे, दुसऱ्यांदा मोजके शब्द टिपायचे. मग दोघा-तिघांनी मिळून उतारा पुन्हा उभा करायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. श्रुतलेखनात शब्द उतरवले जातात. इथे वाक्य बांधावे लागते.

समजा, वाक्य आहे, ‘ही हॅड बॉट अ बॅग ऑफ पोटेटोज’. मूल लिहिते, ‘ही बॉट बॅग पोटेटो’. इंग्रजीत आघात महत्त्वाच्या शब्दांवर येतो. ‘हॅड’, ‘अ’, ‘ऑफ’ ओझरते उच्चारले जातात. मराठीत अक्षरे त्यामानाने सारखी उमटतात आणि ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे तर नाहीतच. म्हणून कान त्यांना सोडून देतो. ताडून पाहताना ‘घेतले होते’ मधील ‘होते’ म्हणजे ‘हॅड’, हे मराठीतच समजावता येते.

राहिला प्रश्न वाचकाचा. केवळ तपासण्यासाठी लिहिलेली वही लवकर मिटते. कोणी वाचणार असेल तर मूल शब्द पारखून घेते. आपल्याकडे हस्तलिखितांची परंपरा आहेच. गणेशोत्सवाच्या हस्तलिखितात मुलांसाठी दोन इंग्रजी पाने ठेवावीत. आजोबांनी कुटुंब भोपाळला आल्याची हकीकत मराठीत सांगावी, नातवाने ती इंग्रजीत लिहावी. ‘अरे, हे असे घडले नव्हते’ असे आजोबा म्हणाले, की दुसरा खर्डा आपोआप होतो. त्यात इंग्रजी सुधारते आणि घरची हकीकतही एकदा मराठीत सांगून होते.