पाण्याखालचा कॅमेरा : किमतीआधी खोली पाहा

बडोद्याला खंभातचे आखात जवळ असले, तरी तेथील गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीचा जोर स्कूबा डायव्हिंगला मानवणारा नाही. त्यामुळे या छंदाच्या ओढीने तिथली मराठी कुटुंबे गोव्यात ग्रँड आयलंडला किंवा मालवण-तारकर्लीला येतात. निघण्यापूर्वी गोव्यातील आप्तांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाण्याखाली चालणारा स्वस्तातला कॅमेरा कोणता घ्यावा?

उत्तराची सुरुवात किमतीपासून नव्हे, खोलीपासून करावी. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर कॅमेऱ्यावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. पहिल्यांदाच डुबकी घेणाऱ्यासाठी ‘पाडी’ या प्रशिक्षणसंस्थेची मर्यादा १२ मीटर, तर ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र घेतलेल्यासाठी १८ मीटर आहे. मोबाइलवरील ‘आयपी ६८’ हे मानांकन प्रयोगशाळेतील गोड्या पाण्याच्या चाचणीवर आधारलेले असते. त्याच्या भरवशावर मोबाइल समुद्रात नेणे म्हणजे तो गमावण्याची तयारी ठेवणे होय.

गोप्रोचे अलीकडचे हिरो कॅमेरे आवरणाविना १० मीटरपर्यंत, तर ऑलिंपसचा टीजी-६ हा १५ मीटरपर्यंत टिकतो. त्याहून खाली जायचे, तर जलरोधक आवरण, म्हणजे हाउसिंग, हवेच. गोप्रोचे हाउसिंग ६० मीटरपर्यंत, तर टीजी-६ चे ४५ मीटरपर्यंत चालते. म्हणून कॅमेऱ्याच्या किमतीत हाउसिंगची किंमत मिळवूनच तुलना करावी. एखाद-दोन पिढ्या जुना अॅक्शन कॅमेरा आणि त्याचे हाउसिंग ही जोडी हौशी डुबकीबाजाला पुरेशी असते. मासे, शिंपले जवळून टिपायचे असतील, तर टीजीसारखा कॅमेरा अधिक उपयोगी.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. ५ मीटरवरच तो फिका पडू लागतो आणि सारे चित्र निळसर-हिरवट दिसते. त्यावर लाल फिल्टर किंवा व्हाइट बॅलन्सची सोय असलेला कॅमेरा कामी येतो. आपल्या किनाऱ्यावर नद्यांचा गाळ आणि प्लवक यांमुळे दृश्यमानता अनेकदा मोजक्याच मीटरची असते. दिवा लावला, तर तरंगणारे कणच चित्रात चमकतात. उपाय एकच : वस्तूच्या जवळ जाणे. हातभर अंतरावरून साध्या कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र दूरवरून महागड्या कॅमेऱ्याने घेतलेल्यापेक्षा सरस ठरते.

कॅमेरा बुडतो तो बहुधा निष्काळजीपणामुळे. हाउसिंगच्या रबरी ओ-रिंगवर वाळूचा एक कण वा केस राहिला, तरी पाणी आत शिरते. नवे हाउसिंग आधी रिकामेच पाण्यात बुडवून तपासावे. आतल्या दमट हवेने काच धुकट होऊ नये, म्हणून ते कोरड्या जागी बंद करून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. डुबकीनंतर ते न उघडता गोड्या पाण्यात भिजत ठेवावे. सुकलेले मीठ कळा आणि रिंग दोन्ही खराब करते.

वर्षाकाठी एकदाच डुबकी घेणार असाल, तर कॅमेरा विकत घेऊच नये. भाड्याने मिळाला तर घ्यावा, किंवा प्रशिक्षकाने टिपलेल्या चित्रणावर समाधान मानावे. नवख्याचे दोन्ही हात आणि सारे लक्ष श्वासावर, कानातील दाबावर आणि तोल सांभाळण्यावर असले पाहिजे. चांगल्या चित्राच्या नादात तोल गेला, तर पायातील फिन प्रवाळावर आदळतो. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात. आधी पाण्यात स्थिर तरंगता यावे, कॅमेरा त्यानंतर.