नायकाची नायिका होते तेव्हां

वर्धा जिल्ह्यांतील रोहण्यासारख्या गांवीं खडीगंमत रंगते, तेव्हां लुगडें नेसून समोर उभा राहिलेला नट पुरुष आहे, हें पुढें बसलेल्या पोरालाहि ठाऊक असतें. तरीहि त्या पात्राचें रुसणें लोक स्त्रीचेंच रुसणें मानतात. नटाचें लिंग आणि पात्राचें लिंग या दोन गोष्टी रसिक किती सहज निराळ्या ठेवतो, याचें हें घरचें उदाहरण होय. मग रूपांतरकारानें प्रेमकथेंतील पात्राचेंच लिंग बदललें, तर तोच रसिक इतका क्षुब्ध कां होतो ?

हा प्रश्न २०२४ च्या जून महिन्यांत देशोदेशीं गाजला. ज्युलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून नेटफ्लिक्सनें २०२० सालीं ‘ब्रिजर्टन’ ही मालिका सुरू केली. क्विनबाईंच्या २००४ मधील ‘व्हेन ही वॉज विकेड’ या कादंबरींत फ्रान्सेस्काचा पति जॉन अकालीं वारतो. त्याचा चुलतभाऊ मायकेल स्टर्लिंग तिच्यावर पहिल्या भेटीपासून मूकपणें प्रेम करीत आलेला असतो. पुढें तोच तिचा दुसरा पति होतो. मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस मात्र जॉननें नववधूची गांठ घालून दिली ती मायकेलाशीं, म्हणजे चुलतबहिणीशीं. आणि तिला पाहतांच फ्रान्सेस्काला स्वतःचें नांवहि धड सांगतां येईना.

वाचकवर्गांत दोन तट पडले. विरोधकांचे आक्षेप एकाच जातीचे नव्हते. सर्वांना एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. कादंबरींतील फ्रान्सेस्काला मूल हवें असतें, आणि तें न होण्याचें दुःख तिच्या कथेचा कणा आहे. ज्या स्त्रियांना आपलें तसलेंच दुःख त्या पानांत भेटलें होतें, त्यांना आपला आरसाच कोणी उचलून नेला असें वाटलें. दुसरा आक्षेप रचनेचा. जॉनच्या मृत्यूनंतर सरदारकीची पदवी मायकेलकडे येते, आणि भावाचें सर्वस्व आपण बळकावीत आहों या अपराधी भावनेनें तो जळतो. ती पदवी स्त्रीकडे कशी जावी, असें लोकांनीं विचारलें. मायकेलची सरदारकी स्कॉटलंडांतील आहे, आणि तेथील कांहीं पदव्यांचा वारसा स्त्रियांकडेहि जात असे, एवढें येथें ध्यानांत ठेवावें. तिसऱ्या प्रकारांत आक्षेपापेक्षां द्वेषच अधिक होता. त्याचा मारा मायकेला झालेल्या मसाली बदूझा या नटीला सोसावा लागला.

दुसऱ्या तटाची भावनाहि तितकीच खरी होती. मालिकेची सूत्रें सांभाळणाऱ्या जेस ब्राउनेल यांना, आपण इतरांहून निराळ्या आहों या फ्रान्सेस्काच्या जाणिवेंत स्वतःची ओळख पटली होती. प्रेमकथांत आजवर ज्यांना नायिकेचें स्थान क्वचितच मिळालें, अशा स्त्रियांना हा बदल म्हणजे उशिरां लाभलेला मान वाटला. लेखिकेनें बदलास संमति दिली. परंतु फ्रान्सेस्काचें जॉनवरील प्रेम खोटें ठरूं नये, ही आपली चिंताहि तिनें वाचकांना कळविली. एकीचा आरसा गेला तो दुसरीच्या हातीं आला, असा हा पेंच आहे.

मराठी रसिकानें याच्या जवळचा अनुभव पूर्वीच घेतला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९११ सालीं ‘मानापमान’ नाटकांत भामिनी झाले. त्यांच्या लुगड्यांचें, दागिन्यांचें, केशरचनेचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करूं लागल्या. तेच बालगंधर्व १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत एकनाथांच्या रूपानें आले, तेव्हां तें दर्शन प्रेक्षकांच्या मनाला रुचेना. पुरुषानें पुरुषाचें काम केलें, यांत वास्तविक वावगें कांहींच नव्हतें. परंतु रसिकांनीं हृदयांत बसविलेली मूर्ति निराळी होती, आणि तिला धक्का बसला.

तथापि रुचि अचल नसते. १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें. ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकाचें तें रूपांतर. त्यांत स्त्रियांचीं कामें ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनींच केलीं. पुरुषांनीं वठविलेल्या नायिकांवर लुब्ध असलेल्या समाजाला पुढें हीच रीत स्वाभाविक वाटूं लागली.

अर्थात् हीं उदाहरणें सर्वस्वीं सारखीं नव्हेत. आपल्याकडे बदलला तो नट. भामिनी भामिनीच राहिली. ‘ब्रिजर्टन’मध्यें पात्रच बदललें, आणि पात्राचें लिंग कथानकांत काम करीत असतें : वारसा, संतति, लोकापवाद हीं सारीं त्यावर टेकलेलीं असतात. घराचा एक खांब काढणाऱ्यानें तुळईला दुसरा आधार द्यावा, एवढीच सुज्ञ वाचकाची मागणी असते. मायकेलाच्या कथेंत विधवेचा शोक, अपराधाची बोंच आणि अपत्याची ओढ यांना नवें स्थान मिळालें, तर जुन्या वाचकाचें ऋण फिटेल. न मिळालें, तर त्याची तक्रार रास्त ठरेल. मात्र ती तक्रार रूपांतरकाराच्या दारीं न्यावी; सोंपविलेलें काम करणाऱ्या नटीच्या दारीं नव्हे. आणि मूळ कादंबरींतला मायकेल तर कोणींच नेलेला नाहीं. पुस्तक उघडलें कीं तो तेथेंच आहे.